लेखनिक

सकाळी ६.१५. आज दहावीचा मराठीचा पेपर, आणि तो लिहून देणारी ही मुलगी नववीत. कोथरूडच्या वस्तीतल्या खोलीत उठल्या उठल्या पेनं तपासते. दहा रुपयेवाली चार, निळ्या शाईची. रद्दी कागदावर रेघोट्या मारते. एक अडकतं, ते बाजूला.

७.४०. आई दोन घरी पोळ्या करते. एक घर उरकून आली, दुसरीकडे आज खाडा. त्याचे पैसे कापले जातील. लेखनिकाचं काम ही फुकटच करते.

९.४५. बस. मायलेकींचे वीस रुपये.

१०.३०. तळमजल्यावरची वेगळी खोली. ताई आलीय. ती परीक्षार्थी, जन्मापासून अंध. पांढरी काठी घडी करून बाकाखाली ठेवते. पर्यवेक्षक बाई मंडळाचं परवानगीपत्र, हॉलतिकीट, फोटो ताडून बघतात. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा, असा नियम. हिची ताईशी ओळख ताईच्या वसतिगृहातली. रविवारी ही तिथे धडे वाचून दाखवायला जाते. कधी स्वतःच्या गोष्टीही वाचते. शाळेच्या हस्तलिखितात दोन आल्यात. वसतिगृहातल्या मुली तोंडावर सांगतात, 'तुझ्या गोष्टीत सूर्यास्त फार होतात.'

११.००. प्रश्नपत्रिका. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा, सावकाश. ताई ब्रेल पाटीवर सळईने मुद्दे टोचून घेते. मग उत्तर सांगते, विरामचिन्हांसकट. 'स्वल्पविराम. पुढे.' बाई म्हणतात, 'हळू गं, बाहेर ऐकू जातंय.'

१.१५. उपयोजित लेखन, २४ गुणांचं. पत्र झालं, बातमी झाली. आता पहिल्या पावसाचा प्रसंग. इथे हिचं पेन जरा उतावीळ होतं. हिच्या वहीत पाऊस नेहमी काळ्याभोर ढगांनी सुरू होतो. ताई सांगते, 'शेजारच्या पत्र्यावर एक थेंब वाजला. पूर्णविराम. मग दुसरा. पूर्णविराम. मग मोजता येईनात.'

ही थांबते. 'मोजता येईनासे झाले' जास्त बरं वाटलं असतं. पण सुचवायचं नाही. नियम आहेच, पण तो नसता तरी ही बोलली नसती, असं हिच्या आवळलेल्या ओठांवरून वाटतं. आहे तसं लिहिते. परिच्छेद संपल्यावर ताई म्हणते, 'वाच.' ही वाचते. कुठल्याही शब्दावर जोर न देता.

'येईनात खोड. येईनासे झाले कर.'

एका रेघेत नीट खोडून ही वर लिहिते. पुढे मातीचा वास येतो, वाळत घातलेले कपडे ओढताना चिमटे फरशीवर पडतात, कुणीतरी 'माझी ओढणी' म्हणून ओरडतं. ढग शेवटपर्यंत येत नाहीत.

२.१०. इतरांचे पेपर गोळा झाले. व्हरांड्यात उत्तरं जुळवण्याचा गलका. बाई दार लोटून घेतात. या खोलीला तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे अजून एक तास. हिच्या मधल्या बोटाला खळगा पडलाय. दुसरं पेन. बाटलीतलं पाणी अर्धं अर्धं.

३.१०. पुरवणी दोऱ्याने बांधली, पानं मोजली, बैठक क्रमांक पुन्हा वाचून दाखवला. बाई सही करतात.

३.२५. फाटकाशी वडापावची गाडी. ताई पाकिटातल्या नोटा चाचपून बाहेर काढते. आईने आणलेली पोळी-भाजी तिघींत, वडापाव ताईकडून. हात आखडलाय, म्हणून ही डाव्या हाताने खाते.

'भूमितीला काय करायचं गं?' ही विचारते.

'आधी उद्या माझ्याकडे ये. हिंदीची पत्रं राहिलीत.'

'उद्या माझी वही तपासणार आहेत.'

'मग संध्याकाळी ये. आणि अडकणारं पेन आणू नकोस हं, मला ऐकू येतं.'