विहिरीतली गारगोटी आणि समुद्रतळाची धुराडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तापीकाठची गाळाची जमीन सोडली की खानदेशात विहीर खोदणाऱ्याला काळा पाषाण लागतोच. एरंडोल, पारोळा, साक्री, कुठेही जा. पाषाणाच्या आड कधी मांजऱ्या लागतो आणि त्याच्या भोकांत पांढरे, गुलाबीसर, क्वचित हिरवट खडे चमकतात. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. माझे आयुष्य भूशास्त्र शिकवण्यात गेले, त्यामुळे असा खडा रुमालात बांधून आणून ‘सर, हिरा तर नाही ना?’ असे विचारणारे शेतकरी मला पुष्कळ भेटले. हिरा नसतोच. पण तो खडा कसा झाला हे सांगताना मला नेहमी समुद्राच्या तळाशी जावे लागते.

१९७७ साली पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, ‘अल्विन’ पाणबुडीतील शास्त्रज्ञांना तळातून कोमट पाणी झिरपताना दिसले. दोनच वर्षांनी मेक्सिकोजवळ तर धुराडीच सापडली. साडेतीनशे अंश सेल्सियसचे पाणी काळ्या धुरासारखे बाहेर पडत होते. वरच्या पाण्याचा दाब इतका, की ते उकळतही नव्हते.

तो धूर नव्हे, धातूंच्या संयुगांची बारीक भुकटी. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून आत शिरते आणि खालच्या शिलारसाच्या उष्णतेने तापते. वाटेत त्यातले मॅग्नेशियम खडक ठेवून घेतो, पाणी आम्लधर्मी होते आणि बेसाल्टमधले लोखंड, तांबे, जस्त विरघळवून घेते. पाण्यातले क्लोराइड या धातूंना धरून ठेवते. बाहेरच्या गार पाण्याशी गाठ पडली की धातू गंधकाशी संयोग पावून खाली बसतात. धुराड्याची भिंत मात्र आधी उभी राहते ती अ‍ॅनहायड्राइटची, म्हणजे निर्जल कॅल्शियम सल्फेटची. हे द्रव्य मोठे तऱ्हेवाईक. साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते, हे गार पाण्यात. म्हणून झरा निवाला की ते विरघळू लागते आणि धुराडे ढासळते. नळीच्या आतल्या अंगाला सोनेरी चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक. बाहेरच्या अंगाला जस्ताचे सल्फाइड आणि पायराइट.

याच तांब्या-जस्तासाठी भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातील शोधाचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या व चेन्नईच्या संस्थांनी साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा एका झऱ्याचे छायाचित्रही घेतले. ऊन नाही, उजेड नाही, तरी या झऱ्यांभोवती गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने प्राण्यांची वस्ती असते. तिथे यंत्र घालण्याची घाई करू नये, असे माझे मत.

आता खानदेशाकडे वळू. आपला काळा पाषाणही बेसाल्टच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातूनही ऊन पाणी फिरले. मग आपल्या विहिरीत तांबे का नाही? कारण पाणी निराळे. ते समुद्राच्या झऱ्यांइतके तापलेले नव्हते आणि आम्लधर्मी नसून अल्कधर्मी होते. त्याने धातूंना फारसा हात लावला नाही. सिलिका, अ‍ॅल्युमिना, कॅल्शियम, सोडियम उचलले आणि लाव्हारसातल्या वायूने ठेवलेल्या पोकळ्यांत नेऊन बसवले. त्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइट खनिजे झाली, सोबत अपोफिलाइटही. झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले, कारण तापवले की त्याच्या अंगातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते.

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवाला आजही ऊन पाणी येते. तिथे खाली शिलारस नाही. पावसाचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते.

शेतकऱ्याला यात काय, असे कुणी विचारील. मांजऱ्याची भोके गारगोटीने बुजलेली असली की तिथे पाणी साठायला जागाच उरत नाही. खडक कुजून सैल झाला, भेगा पडल्या, तरच झरा लागतो. चमकणारे खडे पाहून विहीर आणखी खोल नेण्याचा मोह होतो. त्याआधी भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला खडक दाखवावा.

आणि तो खडा. ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावलेले आपले झिओलाइट परदेशी संग्राहकांकडे जपून ठेवलेले असतात. इथे मात्र बहुतेक खडीच्या क्रशरमध्ये जातात. तुमच्या विहिरीत असा खडा निघाला तर गाव, खोली आणि तो कोणत्या थरात मिळाला एवढे कागदावर लिहून जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात नेऊन द्या. फुटलेला असला तरी चालेल.