एका तारखेवर उभा राहणारा प्रबंध

वित्त विषयात प्रबंध लिहायचा म्हटलं की एम.कॉम.चे विद्यार्थी बँकांच्या ताळेबंदांमागे लागतात. वाशिमच्या विद्यार्थ्याला मात्र विषय बाजार समितीच्या यार्डातच सापडतो, आणि तो थक्क करणारा आहे.

20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. आधी वर्षभरासाठी, मग मुदतवाढ मिळत गेली. वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा भाव आजच ठरवणारा सौदा. तो बंद झाला. वाशिम, कारंजा, रिसोडचा हर्रास मात्र चालूच राहिला. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा मिळत नाही म्हणतात, इथे ती एका आदेशाने उभी राहिली!

डॉ. आंबेडकरांनीही अशीच तारीख पकडली होती. 26 जून 1893 रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी लिहिलेल्या आणि 1923 साली छापून आलेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये त्यांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या किमती ताडून पाहिल्या. रुपयाची खरेदीशक्ती खरंच स्थिर झाली का, हा त्यांचा रोखठोक सवाल होता.

वाशिमचा सवालही तेवढाच नेमका हवा: बंदीनंतर सोयाबीनच्या भावातली रोजची चढउतार वाढली का? पणन मंडळाच्या रोजच्या नोंदीत आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. किमान-कमालच्या फरकात ओलाव्याचा, दर्जाचा फरकही मिसळलेला असतो, म्हणून हिशोबाला सर्वसाधारण दर घ्यावा.

पण नुसतं 'आधी आणि नंतर' फसवतं. ऑगस्ट 2021 मध्ये सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. भाव कशाने हलला? इथे तूर मदतीला येते. तिचे वायदे 2007 पासूनच बंद, म्हणजे या आदेशाचा तिला थेट धक्का नाही. आणि या भागात ती सोयाबीनच्याच वावरात आंतरपीक म्हणून उभी असते! पाऊस तोच, माती तीच. सोयाबीनच्या चढउतारीतल्या बदलातून तुरीतला बदल वजा केला, की आदेशाचा परिणाम वेगळा दिसू लागतो.

तूरही निर्दोष साक्षीदार नाही. तिची आयात मे 2021 मध्ये खुली झाली होती. माझ्या मते ही मर्यादा निष्कर्षांनंतर नव्हे, पद्धतीच्या प्रकरणातच मांडावी, म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा वाचक ती लक्षात ठेवून वाचेल.