सगळ्यांनी हातच पाहिला

11 एप्रिल, जागतिक कंपवात दिन. यंदाही कार्यक्रमाला गेले. हास्ययोग झाला, टाळ्यांचा व्यायाम झाला, पायातल्या रक्ताच्या गुठळीबद्दल अवाक्षर नाही. गुठळीचा दिवस वेगळा, 13 ऑक्टोबर. तो गुठळीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर फिरशोचा वाढदिवस, हा कंपवाताचं वर्णन करणाऱ्या डॉक्टर पार्किन्सनचा. दोन्ही सोसणारा माणूस मात्र एकच असतो.

पार्किन्सनच्या 1817 च्या निबंधापासूनचा इतिहास वक्ते दरवर्षी सांगतातच. मला आठवतं ते 2004 ते 2014 हे माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कंपवाताचं दशक. पहिली सहा-सात वर्षं सांडणाऱ्या कपाची आणि बारीक होत गेलेल्या सहीची. दर भेटीत डॉक्टर बोटं उघडमीट करायला लावत. पायजमा वर करून पाय कुणी पाहिला नाही.

पाहायला हवा होता. गुडघे वाकलेलेच, पाठीला बाक, दिवसभर खुर्ची. रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीही बेतानंच. चालताना पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. अण्णांची पोटरी आवळायचीच थांबली होती. पायांवर सूज होती, पण ती कंपवाताच्या अमँटाडिन या गोळीची, असं सांगितलं गेलं. ते खरंही होतं आणि त्या खऱ्यानंच घात केला. गोळीची सूज सहसा दोन्ही पायांना येते. 2013 च्या पावसाळ्यात आई म्हणाली, "अगं, ह्यांचा डावाच मोजा चढत नाही." मी दवाखान्यात तसं सांगितलं. "ह्या आजारात चालायचंच," हे उत्तर मला अजून तोंडपाठ आहे.

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णांना धाप लागली. तेव्हा कुठे पायाची डॉपलर तपासणी झाली. गुठळी मांडीपर्यंत गेलेली, तुकडा फुप्फुसात. हेपारिननं वाचले. पुढे वॉरफरिन, सारखी रक्ततपासणी आणि सतत धाक: तोल जाणारा माणूस आणि रक्त पातळ करणारं औषध, एका घरात. आई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची.

त्याच वर्षी जपानी डॉक्टरांनी कंपवाताच्या 114 रुग्णांच्या पायांची सोनोग्राफी करून निष्कर्ष छापले होते. सुमारे पाचांत एकाच्या पायात गुठळी, आणि वाकलेल्या गुडघ्यांचा संबंध स्पष्ट. मी ते वाचलं अण्णा गेल्यावर.

यंदा पुढच्या रांगेत एका आजोबांच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल सोडलेला दिसला, उजव्याचा नाही. आभारप्रदर्शन चालू असतानाच मी उठून त्यांच्या सुनेजवळ जाऊन बसले.