बुर्ज हम्मूद : निर्वासितांनी वसविलेले नगर

बैरूत शहराच्या पूर्व सीमेवरून वाहणारी नदी ओलांडली म्हणजे बुर्ज हम्मूद नावाचे जे दाट, गजबजलेले नगर लागते, त्याच्या जागी शंभर वर्षांपूर्वी थोडी शेते आणि पुष्कळशी दलदल होती. आणि त्या दलदलीत ज्यांनी घरे बांधली, त्यांच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी एक वीतभरही भूमी त्या वेळी उरलेली नव्हती.

हे लोक किलिकियाचे, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील एका प्रांताचे, आर्मेनियन. उस्मानी राजवटीने केलेल्या 1915 च्या संहारातून व हद्दपारीतून जे वाचले, ते पहिले महायुद्ध संपल्यावर फ्रेंच फौजेच्या भरवशावर मराश, अदाना, सीस या आपल्या मूळच्या गावी परतले होते. परंतु 1920 च्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी मराश एकाएकी सोडले, तेव्हा त्यांच्यामागून निघालेली हजारो माणसे बर्फात मरण पावली. आणि 1921 च्या ऑक्टोबरात अंगोऱ्यास, म्हणजे आजच्या अंकाऱ्यास, फ्रेंच व तुर्क यांच्यात तह होऊन सगळा किलिकियाच तुर्कांच्या हवाली झाल्यावर उरलेल्यांनी जहाजांची वाट धरली. बैरूत बंदरालगत कारांतिना भागात पत्र्याच्या व लाकडाच्या झोपड्यांची छावणी पडली.

छावणीतून नगर कसे झाले, हाच या इतिहासाचा गाभा होय. एकेका गावच्या लोकांनी आपापले ग्रामबंधुसंघ स्थापन केले होते. या संघांनी वर्गणी गोळा करावी, जमिनीचा एक सलग तुकडा खरेदी करावा, त्याचे लहान लहान भूखंड पाडून ते आपल्याच गावकऱ्यांना हप्त्यांनी द्यावेत, आणि वस्तीबरोबरच देवालय व शाळा उभी करावी, असा क्रम होता. राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक आयुक्त नान्सेन यांच्या नावाने चाललेल्या कचेरीने घरबांधणीसाठी कर्जे दिली, आणि फेडीतून आलेला पैसा पुन्हा दुसऱ्या कुटुंबांसाठी वापरला. त्या काळी निर्वासितांना भिक्षा घालणारे पुष्कळ होते. त्यांना ऋणको मानून त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारे थोडे होते, म्हणून ही व्यवस्था मला विशेष आदरणीय वाटते.

अशा रीतीने 1930 च्या आसपास नोर मराश, म्हणजे नवे मराश, उभे राहिले. नोर अदाना आणि नोर सीसही झाले. गल्ल्या अरुंद, तळमजल्यावर दुकान वा कारखाना आणि वर बिऱ्हाड. चांभार, सोनार, शिंपी, भरतकाम करणाऱ्या बायका या सर्वांचे कसब बैरूतच्या बाजारात विकले जाऊ लागले. मुळात यांच्यापैकी बऱ्याच वडीलधाऱ्यांची घरची बोली तुर्की होती. मुलांच्या तोंडी आर्मेनियन आली ती मुख्यतः या शाळांमुळे. अरबी मात्र सावकाश आली, आणि ही वस्ती आपल्यातच राहते, हा शेजाऱ्यांचा आक्षेप काही अंशी खराच होता.

तथापि दुसरी एक गोष्ट घडली नसती, तर संघांचे सारे श्रम अपुरे पडते. तुर्कस्तानाशी झालेल्या लोझानच्या तहानुसार 1924 च्या ऑगस्टअखेर लेबनानात राहणाऱ्या उस्मानी प्रजाजनांना तेथील नागरिकत्व मिळाले, आणि त्यात हे निर्वासितही आले. पंथांच्या संख्येवर जेथे सत्तेची वाटणी अवलंबून, तेथे हजारो नव्या ख्रिस्ती मतदारांविषयी कुरबूर होणारच होती, आणि ती झालीही. परंतु हाती नागरिकत्वाचा दस्तऐवज आला, तेव्हा हे लोक पाहुणे राहिले नाहीत. खरेदीखत करणे, मत देणे, दाद मागणे हे त्यांचे हक्क झाले. 1952 साली बुर्ज हम्मूदला स्वतःची नगरपालिका मिळाली. 1975 नंतरच्या लेबनानी यादवी युद्धात आर्मेनियन पक्षांनी कोणत्याही एका बाजूने शस्त्र न उचलण्याचे धोरण धरले. तरीही त्या काळात पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली, आणि अलीकडे त्याच गल्ल्यांत सीरियातून पळून आलेले लोक भाड्याने राहू लागले आहेत.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे, की 2023 च्या सप्टेंबरात अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो काराबाखमधील एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक अवघ्या काही दिवसांत आर्मेनियात येऊन पडले. त्यांची भाषा तीच, धर्म तोच. तरी गाव हरवले ते हरवलेच. त्यांना घरासाठी द्रव्य देणे अवश्य आहे. परंतु नोर मराशचा दाखला डोळ्यांपुढे असताना, एका गावची माणसे इच्छा असल्यास एकाच ठिकाणी राहू शकतील, अशी जागा त्यांना मिळवून देणे हेही तेथील सरकारने व देशोदेशींच्या आर्मेनियन संस्थांनी आपले कर्तव्य मानावे.