ज्यूरीचे मन आणि वकिलाची वाणी

वक्तृत्वाने ज्यूरी जिंकिता येते, असा आम्हां वकीलवर्गात एक जुना समज आहे. त्याची खरी किंमत पाहावयाची असेल, तर सन १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात चाललेला टिळकांचा राजद्रोहाचा खटला पाहावा. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला व ते २१ तासांवर बोलले. पण ऐकणारे कोण? खास ज्यूरीतील ९ पैकी ७ युरोपियन आणि २ पारशी. ज्या मराठी लेखांवर खटला उभा, ते या युरोपियनांनी भाषांतरावरून जोखावयाचे! ज्याला मूळ शब्दच ठाऊक नाही, त्याला त्याच्या अर्थाची छटा कशी पटवावी? त्यातच ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपुरास पडलेल्या बाँबने दोन युरोपियन स्त्रियांचा बळी घेतला होता. भ्यालेला मनुष्य दुष्टच असतो असे नव्हे. पण पुरावा तोलण्यापूर्वी त्यास आपली बायकामुले आठवतात.

२२ जुलैस रात्री निकाल लागला. दोषी म्हणणारे ७, निर्दोषी म्हणणारे २. शिक्षा ६ वर्षे काळे पाणी. १८९७ च्या खटल्यात ६ युरोपियन व ३ एतद्देशीय होते, आणि मतेही ६ विरुद्ध ३ अशीच पडली होती. तेव्हा लढाई हरली ती भाषणात नव्हे, तर खास ज्यूरीस बचावपक्षाने घेतलेली हरकत न्यायमूर्ती दावर यांनी अमान्य केली त्याच दिवशी. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते.