विंचू उतरतो कसा?

विंचू उतरवणारा माणूस कोकणातल्या गावांना नवा नाही. तो मंत्र पुटपुटतो, दंशाच्या जागी पाला चोळतो आणि काही वेळाने कळ ओसरते. त्याच्या यशाची टक्केवारी कुणी मांडलीच, तर ती भरघोस निघेल. बहुतेक दंशांत विषाचा परिणाम जागेपुरता राहतो. ठणका असह्य असला तरी जिवावर बेतत नाही, आणि कळ आपली आपणच उतरते. मग एखादा डॉक्टर ‘गोळी दिली आणि रुग्ण वाचला’ म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे मांत्रिकाच्या म्हणण्याहून वेगळे कशाने ठरते? चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेल्या, म्हणजे यादृच्छिक चाचणीने, असे उत्तर ठरलेले आहे. मला ते अर्धेच वाटते. उपचाराला हात घालण्याआधी कोणता रुग्ण मरणाच्या वाटेवर आहे आणि कोणता नुसता कळवळतो आहे हे निवडता आले पाहिजे. ती निवड नसेल तर चाचणी कितीही मोठी असली तरी हाती फार काही लागत नाही.

ही निवड महाडच्या परिसरात झाली. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. दिसायला हा विंचू किरकोळ. थोराड काळी इंगळी पाहून माणसे जास्त घाबरतात, पण घात करतो तो हा तांबडाच. बावस्करांनी उशाशी बसून नोंदी ठेवल्या. दंशानंतर उलट्या सुरू होतात, अंथरूण भिजेल इतका घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, पुरुष रुग्णांत लिंग ताठरते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुढे फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची ही आगाऊ चिन्हे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांच्या प्रतवारीत नुसता तीव्र ठणका पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य पायरीवर आहे. माणूस किती ओरडतो यावरून धोका मोजायची आपली सवय इथे साफ चुकते. मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात ते बहुतांशी याच पहिल्या पायरीवरचे रुग्ण.

चिन्हांची अशी फोड झाल्यावर औषधाचा विचार करता आला. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते. पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) ही द्रव्ये बसून वाहिन्या आवळतात, त्यांनाच प्राझोसिन अडवते. हे औषध रक्तदाबासाठी आधीच वापरात होते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा त्यावरचा लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांपैकी 1961 ते 1983 या काळात पश्चिम भारतात 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेल्याचे ते नोंदवतात. यावर रास्त आक्षेप असा, की ही ‘आधी आणि नंतर’ची तुलना आहे. त्याच काळात रस्ते झाले, रुग्ण लवकर पोचू लागले, शुश्रूषा सुधारली. मान्य, घसरणीतला काही वाटा त्याचा असणारच. पण ही तुलना एकाच पायरीवरच्या रुग्णांची आहे, सरसकट सगळ्या दंशांची नाही. चौथा हिस्सा मरणारा गट जवळजवळ सगळा वाचू लागतो, तेव्हा सगळे श्रेय डांबरी रस्त्याला देणे कठीण जाते. आणि हे दिसत असताना निम्म्या रुग्णांना साखरेची गोळी देऊन पाहायला कोणता डॉक्टर धजावेल?

पुढचा प्रश्न प्रतिविषाचा होता, आणि तो मात्र चाचणीनेच सुटण्याजोगा होता. ट्युनिशियातल्या 825 रुग्णांच्या चाचणीत (‘लॅन्सेट’, 1999) प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. कुणाला खरे औषध आणि कुणाला नकली, हे डॉक्टरलाही ठाऊक नसलेली ती काटेकोर चाचणी. पण प्रतिविष सौम्य-गंभीर न पाहता सरसकट दिलेले. उलट अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या, 2009 मध्ये छापून आलेल्या चाचणीत अवघी 15 मुले घेतली, सगळी अत्यवस्थ. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली. उरलेल्या सातांतले एकच. विंचवाची जात दोन्हीकडे वेगळी होती हे खरे, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी थेट भिडवता येत नाहीत. तरी कोणता रुग्ण निवडला याचे वजन त्यातून कळते. बावस्करांनी महाडमध्ये दुसऱ्या पायरीवरचे, म्हणजे उलट्या आणि घाम अशी चिन्हे सुरू झालेले, 70 रुग्ण घेतले. 35 जणांना प्राझोसिनबरोबर हाफकिनचे प्रतिविष दिले, 35 जणांना नुसते प्राझोसिन. दहा तासांत पहिल्या गटातले 32 पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले 8. हा अभ्यास 2011 मध्ये ‘बीएमजे’त आला. त्याच्या उणिवा उघड आहेत: एकच रुग्णालय, कुणाला काय दिले हे डॉक्टरला माहीत, आणि मृत्यूबद्दल बोलायला 70 हा आकडा फारच लहान. प्रतिविषाने रुग्ण लवकर सावरतो, एवढेच तो सांगतो. प्रतिविषाने जास्त जीव वाचतात असे जे त्यावरून म्हणतात, ते त्याच्या तोंडी नसलेले घालतात.

एका साध्या गोष्टीवर मात्र वाद नाही. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून ते घेतलेल्या मुलाला उचलून कडेवर घेतले तर ते तिथल्या तिथे कोसळू शकते. पुढच्या दवाखान्यात न्यायचे झाले तरी आडवे ठेवूनच न्यावे. आणि विंचू चावलेले मूल रडायचे थांबून ओकू लागले, घामाने निथळले, हातपाय गार पडले, तर कळ कमी झाली म्हणून घरी बसू नका. दंशाची वेळ कागदावर लिहा आणि निघा.