एकास सदतीस

कर्जत ते लोणावळा हा बोरघाटातला रेल्वेमार्ग २८ किलोमीटरचा. घरातल्या छोट्या रेल्वेसाठी जगभर सगळ्यात रुळलेलं प्रमाण म्हणजे एचओ, एकास ८७. त्या हिशेबाने हा घाट ३२२ मीटर लांब भरतो. उंची तर विचारूच नका. ब्रिटिश इंजिनिअरांनी नोंदवलेली चढाई १,८३१ फूट, सुमारे ५५८ मीटर. तिला ८७ने भागलं तरी सहा मीटरच्या वर जाते, त्यासाठी दोन मजले फोडावे लागतील. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली हाताशी असलेल्या माणसाने इथेच कागद-पेन्सिल खाली ठेवावी. पण ज्याच्या डोक्यात हा घाट शिरला तो ठेवत नाही.

त्याचं कारणही आहे. लांबी आक्रसते, उंची आक्रसते, पण चढ आक्रसत नाही. बोरघाटाचा सगळ्यात कडक चढ एकास ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. खोलीत ३७ सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर. प्रमाण कोणतंही घ्या, हा आकडा जसाच्या तसा घरात येतो. झाडं खोटी, डोंगर खोटा, प्रवासी प्लास्टिकचे. चढ मात्र अस्सल. खऱ्या मार्गावरून लेआउट करायचा असेल तर घाटाइतकी चोख निवड दुसरी नाही असं मला वाटतं ते यामुळेच.

दहा बाय बाराच्या खोलीच्या चार भिंतींची बेरीज ४४ फूट, साधारण साडेतेरा मीटर. भिंतीच्या कडेने फळी फिरवली आणि एकास ३७ने चढत नेली तर एका फेरीत ३६ सेंटिमीटर उंची मिळते. कमरेच्या उंचीला कर्जत, छातीच्या उंचीला लोणावळा. दोन्ही स्टेशनांना सपाट जागा लागते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या निम्मंच हाती येतं. दरवाज्यासमोर फळीचा तुकडा बिजागरीवर उचलता ठेवावा लागतो. दरीवरच्या पुलाला याहून सोयीची जागा नाही. जिना करतात तशी रुळांची चक्राकार वळी, जिला हेलिक्स म्हणतात, तीही करता येते. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या एका वळशात याच चढाने दहा सेंटिमीटर उंची मिळते. प्लायची जाडी वजा केली की खालच्या गाडीच्या पँटोग्राफला जेमतेम जागा उरते. शिवाय वळणावर चाकं रुळाला घासतात, म्हणजे चढ कागदावर दिसतो त्याहून जास्त लागतो. आणि गाडी मिनिटभर डोळ्यांआड जाते. मी भिंतीच्या बाजूचा आहे.

आता या चढावर गाडी सोडा. सपाटीवर आठ डबे आरामात ओढणारं खेळण्यातलं इंजिन इथे चार डब्यांवर चाकं फिरवत उभं राहतं. खऱ्या घाटातही नेमकं हेच होतं, म्हणून तर कर्जतला गाडी थांबते आणि मागून बँकर लागतात. दोन-तीन इंजिनं मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटतात. कर्जतच्या वड्याची सगळी कीर्ती या थांब्यावर उभी आहे. घरच्या घाटातही बँकर हा देखावा राहत नाही. तो लावला नाही तर गाडी वर जात नाही, एवढं साधं गणित.

जुन्या पद्धतीत रुळातला वीजप्रवाह कमी-जास्त करून गाडी चालवायचे, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकाच वेळी धावायची. आताच्या डिजिटल पद्धतीत, डीसीसीत, प्रत्येक इंजिनात एक डिकोडर चिप असते, तिचा स्वतःचा क्रमांक असतो आणि हुकूम त्या क्रमांकालाच जातो. पुढचं इंजिन आणि बँकर अशी जोडी त्यामुळे जमते. तरी ती लावायला चिकाटी लागते. दोन्ही इंजिनं हातभर अंतर ठेवून सपाट रुळावर एकाच वेगाने सोडायची आणि अंतर पाहत बसायचं. मागचं पुढच्याला गाठू लागलं तर चिपमधले वेगाचे आकडे बदलायचे आणि पुन्हा सोडायचं. हे नीट जुळलं नाही तर भानगड वळणावर कळते. बँकर जोरात रेटतो तेव्हा मधला डबा वळणाच्या बाहेर फेकला जातो. पुढचं इंजिन जास्त ओढतं तेव्हा तोच डबा आतल्या बाजूला कलंडतो. डब्याचं वजनही महत्त्वाचं. अमेरिकेतल्या हौशी रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या सूत्राप्रमाणे पंचवीस सेंटिमीटरचा डबा साधारण १७० ग्रॅमचा हवा. बाजारातला डबा हलका भरला तर त्याच्या तळाशी शिशाच्या किंवा लोखंडी पट्ट्या चिकटवायच्या.

काय गाळायचं हा खरा प्रश्न. २८ किलोमीटरपैकी भिंतीच्या एका फेरीत सव्वा किलोमीटरही मावत नाही. सोळा डब्यांची गाडी साडेचार मीटर होते, खोलीच्या लांबीपेक्षा जास्त. म्हणून गाडी सहा डब्यांची करायची आणि पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा यांतलं फार तर एक ठिकाण ठेवायचं. मी मंकी हिल ठेवीन. नेरळच्या माथेरान गाडीचा मोह भल्याभल्यांना होतो, पण ती कर्जतच्या अलीकडे आहे आणि तो स्वतंत्र संसार आहे.

काळही गाळावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड ते एल पोर्टल या ७८ मैलांच्या योसेमिटी व्हॅली रेलरोडचा एचओ लेआउट जॅक बर्जेस यांनी केला, तो थेट ऑगस्ट १९३९ या एकाच महिन्याचा. त्या महिन्यात जे रुळावर नव्हतं ते त्यांच्या घरातही नाही. आपल्याकडे १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन आणि आजची लाल डब्यांची राजधानीसारखी गाडी एकाच फळीवर धावताना पाहिली की माझा जीव गुदमरतो. एक दशक धरावं. १९८०च्या आसपासचं धरलं तर वर १,५०० व्होल्ट डीसीची तार आणि मागे चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ इंजिनं. त्याआधीचं धरलं तर डब्ल्यूसीजी-१, ज्याला रेल्वेतली माणसं ‘खेकडा’ म्हणत. त्यातलं एक आजही वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे. जाऊन मापं घेता येतात.

पण खोली अगदीच लहान असेल त्याने आणखी मागे जावं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने घाटाचं काम १८५६ साली काढलं आणि १८६३ साली वाहतूक सुरू झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये आल्याआल्याच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे नेला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांनी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन ठेवलं होतं. गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवे बोगदे होऊन ही कटकट संपली. खऱ्या रेल्वेची कटकट हौशी माणसाला मात्र वरदान आहे: खोलीभर गोल फिरायची गरजच नाही, एकाच भिंतीवर नागमोडी घाट चढता येतो, शिवाय टोकाला शंटिंगचं काम मिळतं.

तडजोडी कबूल करायलाच हव्यात. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. ८७ने भागला की १९.३. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजवरून बेतलेले. म्हणजे आपली प्रत्येक गाडी जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर चालते. हाताने रूळ ठोकणारे शुद्धतावादी असतात. त्यांना माझा नमस्कार. वळणांचंही तसंच. ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्या चालत नाही, घरात ती दोन मीटर होते. एवढी जागा कोणाकडे असते? साठ सेंटिमीटरवर निभवायचं, फक्त सगळ्यात कडक वळण बोगद्यात लपवायचं. बोरघाटात बोगद्यांना तोटा नाही.

डोंगर थर्माकोल आणि प्लास्टरचा होतो, त्यात विशेष नाही. खडी मात्र सह्याद्रीचीच वापरावी. बांधकामाची बारीक कच चाळणीने तीनदा चाळायची आणि मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचा. हे विसरून चालत नाही. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमधला चुंबक ते रुळावरून उचलून पोटात घेतो. चाळलेली कच ब्रशने स्लीपरच्या मधे बसवायची, तिच्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं आणि ड्रॉपरने पातळ फेव्हिकॉल सोडायचा. लिक्विड नसेल तर गोंद वर मोत्यासारखा उभा राहतो आणि खडी सरकते. पावसाळ्यात हे काम काढू नये. दोन-दोन दिवस वाळत नाही आणि प्लाय फुगते.

एवढं झालं की लोक थांबतात. हिरवा घाट, धबधबा, फोटो. इथेच माझं भांडण आहे. घाट म्हणजे शिस्त. उतरणाऱ्या गाडीसमोर कॅच साइडिंगचा सांधा एरवी चढणाऱ्या आडरुळाकडेच लागलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक हातात आहे हे सिद्ध करायचं, मग सांधा फिरतो आणि सिग्नल मिळतो. (गंमत अशी की मध्य रेल्वेच्या भाषेत घाट चढणारी गाडी ‘डाऊन’ आणि उतरणारी ‘अप’, कारण मोजणी मुंबईपासून.) घरी हे करायला काही शे रुपयांचा आर्डुइनो बोर्ड, एक इन्फ्रारेड सेन्सर आणि सांधा फिरवणारी छोटी सर्व्हो मोटर पुरते. गाडी सेन्सरसमोर ठरावीक सेकंद थांबली तरच सांधा फिरेल, नाहीतर गाडी आडरुळात. पाहुण्याच्या हातात कंट्रोलर देऊन बघा, दोन मिनिटांत त्याचं बोलणं बंद होतं.

चालती छोटी रेल्वे पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. ती कल्पनेतली नगरी आहे, खऱ्या मार्गाची प्रतिकृती नाही. पण रूळ, सांधे आणि सिग्नल एकमेकांशी कसे बोलतात ते तिथे समजतं.

आणि सुरुवात करणाऱ्याने लोणावळ्याची घाई करू नये. अडीच मीटरच्या फळीवर आधी कर्जत बांधावं: दोन फलाट, बँकर उभे राहायला एक साइडिंग, पुढे मीटरभर एकास ३७चा चढ. गाडी आणायची, बँकर लावायचा, चढावर घालून परत आणायची. हे महिनाभर करूनही कंटाळा आला नाही तर पुढच्या भिंतीला खिळे मारा.